पाच सह्यांचं घर

एप्रिल २०२४. मंगळवारी रात्री साडेनऊला भाचीचा व्हॉट्सॲप आला. कराराच्या पानांचे फोटो, आणि खाली: "मावशी, पहिलं डील लागलं! एकशे चाळीसला. दहा दिवसांत बायर शोधायचाय. कॉम्प्स काढून देशील?" एकशे चाळीस म्हणजे एक लाख चाळीस हजार डॉलर, आणि कॉम्प्स म्हणजे आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तशाच घरांचे भाव.

फोटो मोठे करून पाहिले. विकणाऱ्याच्या जागी एकाच बाईचं नाव, सहीही तिची एकटीचीच. मग डॅलस काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कचेरीच्या, साइटवर पत्ता टाकला, तर मालक म्हणून एका पुरुषाचं नाव आलं. आडनावही वेगळं. मी तिला एवढंच लिहिलं, "उद्या सकाळी फोन कर. तोवर कुणाला घराचे फोटो पाठवू नकोस." लगेच उत्तर आलं, "पाठवले ना. चार ग्रुपवर टाकलेत."

हे प्रकरण त्या दहा दिवसांचं, आणि थोडं पुढचं-मागचं. नावं आणि गल्ली गाळली आहे. आकडे तिच्या वहीतले आहेत आणि ती वही तिने स्वतः मला दिली. मी मूळची परभणीची, हल्ली डॅलसजवळ प्लेनोला असते, आणि टेक्ससचं रिअल इस्टेट लायसन्स घेऊन मला अकरा वर्षं झाली. ती माझ्या डोंबिवलीच्या मैत्रिणीची भाची, म्हणून माझीही.

होलसेलिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण नावावरून लोकांना वाटतं घाऊक भावात घरं घ्यायची. घर घ्यायचंच नसतं. मोडकळीला आलेलं, कर थकलेलं, वारसाहक्कात अडकलेलं घर हेरायचं, मालकाशी कमी भावात खरेदीचा करार करायचा आणि कराराची मुदत संपायच्या आत तो करार रोख पैसेवाल्या गुंतवणूकदाराला विकायचा. एक लाखाचा करार एक लाख सात हजाराला दिला, तर वरचे सात आपले. त्याला असाइनमेंट फी म्हणतात, आणि ती क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा व्हायच्या दिवशी, मालकी तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या हातून मिळते. आपल्याकडे साठेखत करून, इसार देऊन, मधल्या मध्ये तिसऱ्याला गाठणारे लोक गावोगाव आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४वं कलम म्हणतं, नुसत्या विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कसलाही हक्क उभा राहत नाही. टेक्ससमध्ये मात्र करारातला तो हक्क विकायची वस्तू मानली आहे. फक्त त्याला अटी आहेत, आणि त्या अटींचा धडा भाचीच्या कोर्समध्ये नव्हता.

कोर्स १,४९७ डॉलरचा. 'पैसे नकोत, लायसन्स नको, अनुभव नको' हे त्याचं ब्रीद. त्यातलं लायसन्सचं बोलणं राज्याराज्यावर आहे. इलिनॉयने २०१९ मध्ये वर्षाला एकाहून जास्त असे व्यवहार करणाऱ्याला ब्रोकरचं लायसन्स सक्तीचं केलं. साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये हा धंदाच जवळपास बंद केला. पेनसिल्व्हेनियात जानेवारी २०२५ पासून लायसन्स लागतं. टेक्ससमध्ये लागत नाही, पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, आपल्याकडे घराची मालकी नाही, फक्त करारातला हक्क आहे, हे पुढच्या घेणाऱ्याला आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर विकणाऱ्यालाही लेखी कळवायचं. दुसरी, जाहिरात त्या हक्काची करायची, घराची नाही. लायसन्स नसताना दुसऱ्याचं घर 'विकणे आहे' म्हणून मांडलं की ती दलाली झाली. भाचीने चार ग्रुपवर टाकलेल्या मजकुराची सुरुवात होती, "तीन बेडरूमचं सुंदर घर विकणे आहे." बुधवारी सकाळी सगळ्यात आधी ते चारही मजकूर तिला काढायला लावले.

आणखी एक गोष्ट, जी इथल्या आपल्या मंडळींना सांगावीच लागते. भाचीकडे एच-४ ईएडी, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना आहे, त्यामुळे तिला कुठलंही काम आणि स्वतःचा धंदासुद्धा करता येतो. जावई एच-१बी वर. त्याला ज्या कंपनीने आणलं तिच्याशिवाय दुसरीकडे काम करायची परवानगी नाही. शेअर घ्या, घर घेऊन भाड्याने द्या, कुणी अडवत नाही. पण होलसेलिंग म्हणजे नुसती गुंतवणूक नव्हे, अंगमेहनतीचा धंदा आहे: फोन, भेटी, घासाघीस. तो शनिवार-रविवार बसून तिच्या एक्सेल शीट बनवत होता आणि मालकांना फोनही लावत होता. मी म्हटलं, "तू मुलीला पोहायला ने." त्याला राग आला. येऊ दे.

आता वहीकडे. एलएलसी म्हणजे छोटी कंपनी काढायला राज्याची फी ३०० डॉलर. यादीचं सॉफ्टवेअर महिना ९९, चार महिने. कर थकलेल्या ६०० घरमालकांना तीन वेळा पोस्टकार्डं, एकूण १,८०० कार्डं, टपालासकट १,११६ डॉलर. फोन नंबर शोधून घ्यायला ९०. तीन महिन्यांत त्या कार्डांवर १४ फोन आले. त्यातले नऊ शिव्या किंवा 'माझं नाव यादीतून काढा'. चार नुसत्या चौकशा. एक ही आजी, जिची करारावर एकटीची सही होती.

मधल्या काळात कुणीतरी तिला हजार लोकांना एकदम टेक्स्ट मेसेज टाकायचा सल्ला दिला होता. ते तिने केलं नाही हे तिचं नशीब. इथल्या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्यात परवानगीशिवाय पाठवलेल्या अशा एकेका मेसेजला ५०० डॉलर, जाणूनबुजून केलं तर दीड हजारापर्यंत भरपाई मागता येते. पोस्टकार्ड महाग पडतं, पण ते कुणाला कोर्टात नेत नाही.

घर दक्षिण-पूर्व डॅलसमध्ये, प्लेझंट ग्रोव्ह भागात, बकनर बुलेव्हार्डपासून आत. १९५४ चं, १,१८० चौरस फूट, तीन बेडरूम, एक बाथरूम, लाकडी तुळयांवर आणि बुटक्या खांबांवर उभं. भाचीचा हिशेब कोर्समध्ये शिकवलेला सत्तर टक्क्यांचा. दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल तो आकडा घ्यायचा, त्याचे सत्तर टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि आपली फी वजा करायची. उरेल त्याहून जास्त मालकाला कबूल करायचं नाही. तिने धरलं: दुरुस्तीनंतर २ लाख ६५ हजार, सत्तर टक्के १ लाख ८५ हजार ५००, दुरुस्ती ३५ हजार, फी १० हजार. उरले १ लाख ४० हजार ५००. म्हणून १४० ला सही.

गणितात चूक नव्हती. चूक आत घातलेल्या आकड्यांत होती, आणि ती टेक्ससमध्ये नवखे हमखास करतात. बऱ्याच राज्यांत घर कितीला विकलं गेलं ते सरकारी नोंदीत दिसतं. टेक्ससमध्ये विक्रीची किंमत जाहीर करायचं बंधन नाही. काउंटीच्या साइटवर दिसतो तो कर आकारणीचा अंदाज, आणि दर मे महिन्यात अर्धं शहर त्याच्याशी भांडत असतं. घरांच्या मोठ्या साइट्सवर विकल्या गेलेल्या घराशेजारी जो आकडा असतो तो बहुतेक वेळा मालकाने मागितलेला, हातात पडलेला नव्हे. भाचीने मागितलेल्या किमती धरल्या होत्या. त्यात तीनपैकी दोन घरं हायवेच्या पलीकडची. नकाशावर अंतर पाऊण मैल, पण तिथे शाळा वेगळी, झाडं वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. डोंबिवलीतच रुळांच्या पूर्वेला एक भाव आणि पश्चिमेला दुसरा, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. इथे नकाशा बघताना ते आठवलं नाही, एवढंच.

मी एजंटांच्या यादीतून अर्ध्या मैलातली, गेल्या सहा महिन्यांत खरोखर विकली गेलेली, नव्याने दुरुस्त केलेली तीन घरं काढली. २ लाख २१, २ लाख २६, २ लाख ३६ हजार. म्हणजे धरायचे २ लाख २८. इथेच ३७ हजार गळाले, आणि घराच्या आत तर मी अजून पाऊलही टाकलं नव्हतं.

शनिवारी, कराराच्या पाचव्या दिवशी, आम्ही गेलो. आदल्या रात्री पाऊस झालेला. गाडीतून उतरून अंगणातून दारापर्यंत पोचेस्तोवर भाचीच्या पांढऱ्या बुटांखाली मातीचे थर चढले. ती पायरीवर काडीने खरवडत उभी राहिली. "मावशी, कसली ही माती, सुटतच नाही!"

मी वाकून चिमूटभर घेतली. काळी, चिकट, बोटांत लोण्यासारखी लागणारी. आमच्या शेतातली. डॅलस ज्या पट्ट्यावर उभं आहे त्याचं नावच ब्लॅकलँड. कापूस पिकवणारी जमीन, पाणी प्याली की फुगते, सुकली की भेगाळते. परभणीकडे काळ्या मातीवर घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणतात, नाहीतर भिंती फुटतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सत्तर वर्षांपूर्वी इथे कुणी तेवढं खणलेलं नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला घराखाली जमीन असते हेच मुळात आठवत नाही. तिला दोष देत नाही, पण तिच्या ३५ हजारांत पायाला एक डॉलरही नव्हता.

आत गेल्यावर मी तिला बाथरूमचं दार दाखवलं. दाराची वरची कड तिरकी रंधलेली होती, एका बाजूला बोटभर कमी. त्या कापलेल्या कडेवर रंगाचे तीन थर: खाली हिरवट, वर पिवळट, त्यावर पांढरा. म्हणजे घर फार पूर्वीच कललं होतं, तेव्हा कुणीतरी पाया सोडून दारच तासून घेतलं होतं, आणि त्यानंतर तीनदा रंग मारला होता. जेवणघरात तिच्या मुलीची काचेची गोटी पिशवीत सापडली, ती जमिनीवर ठेवली. गोटी आपली आपण खिडकीकडे निघून गेली.

माझी बेरीज: पाया १४ हजार, छप्पर ११, घराखालची जुनी बिडाची ड्रेनेज लाइन ७, वायरिंग आणि पॅनेल ६, स्वयंपाकघर-बाथरूम-फरशी-रंग २४. एकूण ६२ हजार. २ लाख २८ हजारांचे सत्तर टक्के १ लाख ५९ हजार ६००, त्यातून ६२ गेले, राहिले ९७ हजार ६००. भाचीची फी शून्य धरूनसुद्धा. आणि कागदावर १ लाख ४०.

तिच्या बायर्सच्या यादीत अकरा नावं होती. दुसऱ्या दिवशी त्यातला एकच आला. मूळचा मेक्सिकोतल्या मॉन्टेरेचा, स्वतःचे कामगार, या भागात आठ-दहा घरं भाड्याने दिलेली. टॉर्च घेऊन घराखाली शिरला, कोपरं काळी करून बाहेर आला आणि म्हणाला, "एकशे पाच. त्याच्या वर नाही." कराराचा आकडा त्याला सांगितला तेव्हा तो हसलासुद्धा नाही. हात पुसले आणि गेला.

तोपर्यंत मी मालकीची गोष्ट बोलले नव्हते. मुद्दामच. टायटल कंपनीच्या कागदावरून ती तिला स्वतःला वाचता यावी असं वाटत होतं. सोमवारी टायटल कमिटमेंट, म्हणजे मालकीच्या तपासणीचा कागद आला. भाचीने तो मला फॉरवर्ड केला आणि विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "शेड्यूल सी वाच." टेक्ससच्या टायटल कमिटमेंटमध्ये हा भाग म्हणजे विक्री व्हायच्या आधी काय काय निस्तरावं लागेल त्याची यादी. त्यात होतं: नोंदीप्रमाणे मालक अमुक, ते हयात नसल्याचं कळतं, सर्व वारस निश्चित करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. खाली थकलेला मालमत्ता कर, दंड-व्याजासकट सुमारे ७,४०० डॉलर.

बाप १९९८ मध्ये गेला, मृत्युपत्र नाही. आई २०११ मध्ये, तिचंही नाही. मुलं चार. एक मुलगा आईच्या आधीच वारलेला, त्याची दोन मुलं लुइझियानात. म्हणजे चौघांचे चार हिस्से, त्यातला एक दोघांत अर्धा-अर्धा. पाच सह्या. आजीचा हिस्सा पाव. भाचीने १ लाख ४० हजारांना जो करार केला होता तो आजीला पावापुरताच बांधू शकत होता.

आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबा बसलेले असतात आणि कसतो चुलता, तसंच. मला भाचीची चूक वाटली ती वेगळीच. तिने पाठवलेलं पोस्टकार्ड त्या बापाच्या नावाने गेलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावाने. यादीत तेच नाव होतं. फोन आला तो बाईचा. भाची धरून चालली की नवऱ्याचं नाव असेल. "विचारलं का नाहीस?" "विचित्र दिसलं असतं ना, मावशी." पहिल्या फोनवर, पहिल्या मिनिटाला, 'घर कुणाच्या नावावर आहे आणि ते हयात आहेत का' हे विचारायला लाज वाटू द्यायची नाही. वधूवर मंडळात यापेक्षा अवघड प्रश्न पहिल्या भेटीत विचारतात.

हे सगळं सुटत नाही असं नव्हे. टेक्ससमध्ये वारसांचं प्रतिज्ञापत्र असतं. घराण्याला ओळखणारे आणि मालमत्तेत काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार शपथेवर सांगतात की अमुक मेला, त्याची मुलं ही, दुसरी कुणी नाहीत. ते काउंटीत नोंदवायचं. टायटल कंपनीने मान्य केलं तर कोर्टात जावं लागत नाही. पण त्याला आठवडे लागतात, आणि भाचीच्या हातात चार दिवस होते. टेक्ससच्या छापील करारात ऑप्शनची मुदत असते. तेवढ्या दिवसांत घेणारा कारण न सांगता बाहेर पडू शकतो. तिने त्यासाठी २०० डॉलर दिले होते, ते परत येत नाहीत. इसाराचे हजार मात्र मुदतीत बाहेर पडलं तर परत. मुदत संपते शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला. शुक्रवार.

अशा वेळी कोर्सवाले काय शिकवतात ते तिने मला वाचून दाखवलं. मालकाला आठव्या-नवव्या दिवशी फोन करायचा, 'पार्टनरने तपासणी केली, पायात प्रॉब्लेम निघाला' म्हणायचं आणि ४० हजार खाली यायचं. माणूस तोवर मनाने घर सोडून गेलेला असतो, सामानाचे खोके भरलेले असतात, तो 'हो' म्हणतो. हे चालतं. यावर पैसे कमावणारे लोक मला माहीत आहेत. पार्टनर नसतो हेही माहीत आहे. भाची तासभर गप्प बसली आणि मग म्हणाली, "तू येशील का बरोबर?"

मंगळवारी संध्याकाळी आजीच्या स्वयंपाकघरात. वय ६८, गुडघे गेलेले, खुर्चीत बसूनच तिने आम्हाला गोड चहा दिला, बर्फ घातलेला. भाचीने 'येस मॅम, नो मॅम' करत एकदाचं सांगितलं: घर ती स्वतः घेणार नव्हती, करार पुढे विकणार होती, आकडा चुकला, आणि आजी एकटी हे घर विकू शकत नाही.

आजी म्हणाली, "तू घेणार नाहीस ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, बेबी. दीड लाख रोख असलेली माणसं असली गाडी चालवत नाहीत."

मग आकड्यावर आली तेव्हा तिचा आवाज बदलला. "सगळे सारखेच. आधी मोठा आकडा, मग पायाचं रडगाणं. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा हेच करून गेला." भाचीने मान खाली घातली. तिने तेच केलं नव्हतं, पण या टेबलाशी बसून तो फरक समजावून सांगायला जागा नव्हती.

मी आजीला विचारलं, घर विकायचंच आहे का. कारण २०१९ पासून टेक्ससमध्ये वारसाने मिळालेल्या घरात राहणाऱ्याला, कागदावर नाव नसलं तरी, राहत्या घराची पूर्ण करसवलत मागता येते, आणि पासष्टी उलटलेल्याला कर पुढे ढकलताही येतो. आजीने हे कधीच ऐकलं नव्हतं. थोडा विचार केला. "न्हाणीत दोनदा पडले," ती म्हणाली. "मुलगी मेस्किटला आहे. तिथे एकमजली आहे. नाही, विकायचंच." आणि मग दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. "बाजारात लावलं तर किती येतील?"

इथे माझी गोची होती, ती लपवत नाही. मी एजंट. 'लिस्ट करा' म्हटलं तर कमिशन माझं, आणि भाचीचं डील मी खाल्लं असं उद्या कुणीही म्हणेल. 'नका करू' म्हटलं तर आजीचं नुकसान. मी सांगितलं, "आहे तसं, दुरुस्त न करता, माझ्या अंदाजाने एकशे दहाच्या आसपास. कमी-जास्त होईल." त्या भागात काम करणाऱ्या तीन एजंटांची नावं कागदावर लिहून दिली. माझं त्यात घातलं नाही.

भाचीने शुक्रवारी दुपारी पावणेचारला करार रद्द केल्याची नोटीस ईमेल केली. इसाराचे हजार डॉलर परत यायला एकोणीस दिवस लागले, कारण ते पैसे सोडायच्या कागदावर आजीचीही सही हवी होती आणि आजी ईमेल बघत नाही. शेवटी भाची कागद घेऊन स्वतः गेली. त्या वेळी चर्चमधले दोन म्हातारे तिथे बसले होते. तेच प्रतिज्ञापत्राचे साक्षीदार. त्यांतल्या एकाने त्या घराच्या छपराची पहिली शिंगलं आजीच्या बापाबरोबर बसवलेली होती.

जूनमध्ये घर बाजारात आलं, पाचही वारसांच्या सह्यांनिशी. मागितले १ लाख २५. तीन ऑफर आल्या. जुलैत गेलं १ लाख १८ हजाराला, आणि घेणारा कोण, तर तोच मॉन्टेरेचा माणूस. भाचीसमोर ज्याचा शेवटचा आकडा एकशे पाच होता. दोन माणसं शेजारी उभी राहिली तेव्हा त्याला आणखी तेरा हजार सापडले.

माझं ९७ हजार ६०० चं गणितही त्यामुळे उघडं पडलं. मी धरलं होतं की घेणारा बाहेरचा ठेकेदार लावून दुरुस्ती करील आणि सहा महिन्यांत विकेल. सत्तर टक्क्यांचं सूत्र त्याच माणसासाठी आहे. याला विकायचंच नव्हतं. स्वतःचे कामगार, त्यामुळे त्याची दुरुस्ती चाळीसच्या आसपास. आणि भाडं महिना अठराशे पन्नास येईल असा त्याचा हिशेब. भाचीने मला नंतर विचारलं, "म्हणजे पहिल्या दिवशी मी आजीशी एकशे पाचला करार केला असता, पाचही सह्या घेतल्या असत्या, आणि त्याला एकशे बाराला दिला असता, तर?" तर चाललं असतं. सात हजार मिळाले असते. त्यावर स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर आणि शिवाय आयकर. आणि आजीकडच्यांना किती? कमिशन साडेपाच टक्के म्हणजे ६,४९०, टायटल आणि बाकी खर्च १,९००, थकलेला कर ७,४००. जाऊन हातात आले १ लाख २ हजारांच्या आसपास. करारवाल्या वाटेने, कमिशन नाही म्हणून, ९५-९६ हजार आले असते. सहा-साडेसहा हजारांचा फरक, पाच जणांत. हा फरक मोठा की छोटा यावर भाचीचं आणि माझं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, तीन महिने थांबावं लागलं नसतं, अनोळखी लोकांना घर दाखवावं लागलं नसतं, घर आवरावं लागलं नसतं, त्याचीही काही किंमत आहे. काही घरांत ती खरोखर असते. या आजीला तीन महिने बसायला वेळ होता, कारण कराचा दावा अजून लागला नव्हता. तो लागला असता आणि घर महिन्याच्या पहिल्या मंगळवारच्या लिलावाकडे निघालं असतं, तर मीही भाचीच्या बाजूने बोलले असते.

वहीतली बेरीज: कोर्स १,४९७, कार्डं १,११६, सॉफ्टवेअर ३९६, एलएलसी ३००, ऑप्शन २००, पेट्रोल १८०, नंबर ९०. एकूण ३,७७९ डॉलर गेले. आले शून्य. तासांची नोंद तिने ठेवली नव्हती, आता ठेवते. कोर्सचे पैसे वगळले तर मला हा खर्च जास्त वाटत नाही. बाकीच्याबद्दल ती माझ्याशी सहमत आहे, कोर्सबद्दल नाही. ती म्हणते, कोर्स केला नसता तर करारच केला नसता.

तिने आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. कार्ड टाकण्याआधी प्रत्येक नाव काउंटीच्या नोंदीत आणि मृत्यूच्या बातम्यांत बघते, त्यामुळे ६०० ची यादी ९० वर आली. विकत घेणाऱ्यांना आधी भेटते आणि विचारते की तुम्ही विकता की भाड्याने देता, कामगार कुणाचे. आणि मालकाच्या हातात पहिल्याच भेटीत एक कागद देते: मी हे घर स्वतः घेईन असं नाही, माझा हक्क दुसऱ्याला देऊन मी त्यावर पैसे कमावणार आहे. मोठ्या अक्षरात, आणि हिस्पॅनिक वस्तीत स्पॅनिशमध्ये. तो वाचून दोघांनी तिला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्याने विचारलं, "किती कमावणार?" त्याच्याशी बोलणं चालू आहे. त्याचं घर मेस्किटमध्ये आहे आणि त्याचे भाऊ दोन.

ऑगस्टमध्ये एका कामासाठी तिकडे गेलो होतो, तेव्हा भाची म्हणाली, त्या घरावरून जाऊ. छप्पर नवं, पुढचा दरवाजा निळा. डॅलसमध्ये उन्हाळ्यात माती सुकून आकसू नये म्हणून लोक घराच्या पायाला पाणी घालतात. नव्या मालकाने घराभोवती काळा झिरपणारा पाइप पसरलेला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसांना टँकर लागतो, आणि इथे पायाला ठिबक. पाइपच्या अलीकडे, पदपथाच्या कडेला, जमिनीला भेग पडली होती. भाचीने गाडीतून उतरून तिच्यात हात घातला. मनगटापर्यंत आत गेला.